पुण्याचे नगरसभासद जोतीराव फुले

महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र आपल्या समाजातील लहान मुलालाही ठाऊक असते. मुलींची शाळा, सत्यशोधक समाज आणि महात्मा ही पदवी, हे तीन टप्पे सांगितले की जयंतीचे भाषण पुरे होते. स्मरणिकेच्या पानांवर तेच पुन्हा छापून वाचकांचा वेळ घेणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. त्यांच्या आयुष्यातील एक कालखंड असा आहे की त्याकडे भाषणकर्ते एका वाक्यात बोट दाखवितात आणि पुढे जातात. पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद म्हणून त्यांनी घालविलेली वर्षे म्हणजे तो कालखंड होय. आपल्या मंडळाचे पुष्कळ सभासद आज निरनिराळ्या गावी नगरपालिकांत व ग्रामपंचायतींत निवडून जातात, आणि बाकीचे आपण सारे त्यांच्या दारी नळाची व रस्त्याची गाऱ्हाणी घेऊन जातो. तेव्हा जोतीराव त्या खुर्चीवर बसून काय करीत होते हे पाहणे आपणां सर्वांच्या उपयोगाचे आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. जोतीराव माळी कुळात जन्मले याचा आपणांस अभिमान वाटतो व तो स्वाभाविक आहे. परंतु ज्या पुरुषाने जातीची कुंपणे मोडण्यात आयुष्य वेचले त्यास ज्ञातीच्या स्मरणिकेत केवळ आपला म्हणून मिरविताना थोडा संकोच वाटावा हेही तितकेच योग्य आहे. तो संकोच मनात ठेवूनच आम्ही हे लिहीत आहोत.

त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. तेथून हे कुटुंब पुरंदर भागातील खानवडीस आले व पुढे पुण्यात स्थिरावले. पेशव्यांच्या दरबारी फुले पुरविण्याच्या कामावरून फुले हे नाव रूढ झाले. जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. आई चिमणाबाई त्यांच्या तान्हेपणीच गेल्या आणि सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढविले. वडील गोविंदराव फुलांचा व भाजीचा धंदा व शेती करीत. नायगावच्या सावित्रीबाईंशी १८४० साली विवाह, १८४१ पासून स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिक्षण, आणि १८४८ साली बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा, हा क्रम सर्वश्रुत आहे.

पुढील पंधरा-वीस वर्षांत त्यांनी जे जे उभे केले त्याची यादी चरित्रग्रंथांत समाजसुधारणा या मथळ्याखाली येते. आम्हांस ती एका शहराच्या सोयींची यादी वाटते. मुलींच्या शाळा, महार-मांगांच्या मुलांच्या शाळा, १८५५ साली श्रमकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा, १८६३ साली फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह, आणि १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला करणे. त्या काळच्या पुण्यास या सर्व गोष्टींची गरज होती, आणि त्यांतील एकही गोष्ट करण्याचे शहराच्या कारभाऱ्यांस सुचले नव्हते. हौदाची गोष्ट तर विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पुण्याला पाण्याच्या सोयीची परंपरा जुनी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने पाणी आणून ते शहरातील हौदांत सोडले होते. दुसऱ्या कोणत्या शहराने हेवा करावा अशी ती सोय होती. पण हौद कितीही भरलेला असला तरी ज्याला त्याच्या पायरीवर पाय ठेवता येत नाही त्याच्या घागरीत थेंबही पडत नाही. सार्वजनिक या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न जोतीरावांनी म्युनिसिपालिटीत जाण्यापूर्वी आठ वर्षे आपल्या अंगणात सोडवून टाकला होता.

आता त्यांच्या धंद्याविषयी. जोतीराव म्हणजे नेहमी लेखणी हाती घेतलेले गृहस्थ, असे चित्र अनेकांच्या मनात असते. वस्तुतः ते व्यापारी, शेतकरी व ठेकेदार होते. धातूच्या ओतकामास लागणाऱ्या मुशी विकण्याची एजन्सी त्यांच्याकडे होती. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंत्राटे घेतली. येरवड्याचा पूल व खडकवासल्याचे धरण अशा कामांसाठी दगड-चुन्यासारखा माल पुरविण्याचा अनुभव त्यांच्या गाठी होता. मांजरीस त्यांची सुमारे ६० एकर शेती होती व धरणाच्या कालव्याचे पाणी त्या भागात खेळू लागल्यावर शेतीचे कसकसे पालटते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

हा धंदा त्यांच्या कारभाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा ठरला असे आमचे मत आहे. कागदावर मांडलेल्या रुपयापैकी किती आणे भिंतीत जातात व किती आणे वाटेत झिरपतात, हे पुराणातून किंवा इंग्रजी पुस्तकांतून कळत नाही. ते कळण्यास चुन्याच्या भट्टीजवळ उभे राहावे लागते, मजुरांचा पगार वाटावा लागतो, कारकुनाच्या मेजासमोर बिल घेऊन तिष्ठावे लागते. शेतकऱ्याचा असूड या त्यांच्या पुस्तकात इंजिनियर खात्यावर जी टीका आहे ती या अनुभवातून आलेली आहे. पाण्याची पट्टी शेतकऱ्याकडून चोख वसूल होते, मात्र पाणी वेळेवर व पुरेसे पोहोचते की नाही याची दाद कोणी घेत नाही, अशी त्यांची तक्रार होती. पण ते तक्रारीवर थांबले नाहीत. लष्करातील व पोलिसातील शिपायांना मोकळा वेळ असतो, त्यांच्याकडून जागोजागी ताली व बंधारे घालून घ्यावेत म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरून मग ओढ्यास मिळेल, तलाव-तळी दुरुस्त करावीत, असा सरळ कामाचा आराखडा त्यांनी दिला. मृद्संधारण हा शब्द पुढे सरकारी पत्रकांत आला. शेतकऱ्याच्या पोराने तो विचार १८८०-८३ च्या सुमारास मराठीत मांडून ठेवला होता.

असा हा मनुष्य १८७६ साली पुणे म्युनिसिपालिटीचा सभासद झाला. त्या वेळचे पुणे आजच्या मानाने लहानसे शहर होते. पेठांत राहणारी वस्ती लाखाच्या आतबाहेर. राजधानीचे वैभव १८१८ साली गेले होते. पूर्वेस लष्करची छावणी वाढत होती. १८५८ साली आगगाडी पुण्यास येऊन पोहोचली होती आणि त्याच सुमारास म्युनिसिपालिटीही स्थापन झाली होती. अरुंद बोळ, उघडी गटारे, शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उन्हापावसात भरणारा भाजीबाजार आणि सणासुदीस होणारी गर्दी, हे त्या शहराचे रोजचे दर्शन होते.

त्या काळची म्युनिसिपालिटी म्हणजे काय हे तरुण वाचकांस समजावून सांगणे जरूर आहे. आज वॉर्डावॉर्डांतून मते मागितली जातात. तेव्हा सभासद सरकार नेमीत असे. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ साली झाला व त्यानंतर कोठे निवडणुकीचा वारा शहराच्या कारभारास लागला. तोवर नगरसभासद होणे हा एक सरकारी मान होता. त्यात सरदार, सावकार, पेन्शनर व वकील अशी प्रतिष्ठित मंडळी असत. सरकारने मान दिला म्हणजे सरकारच्या मर्जीने वागावे, ही रीत फारशी कोणी बोलून न दाखविता पाळली जाई. उत्पन्नात जकातीचा वाटा मोठा होता. जकात नाक्यावर घेतली जाते, पण ती शेवटी दाणे, तूप, सरपण विकत घेणाऱ्याच्या खिशातून जाते. मजुरालाही ती चुकत नाही. म्हणजे म्युनिसिपालिटीच्या तिजोरीत गंज पेठेतील मोलकरणीचा पैसा असे, पण तो कोठे खर्च व्हावा हे ठरविणाऱ्यांत तिच्या आळीतील माणूस क्वचितच असे. जोतीराव जुन्या गंज पेठेत राहणारे होते.

ते सभासद झाले त्याच सुमारास, १८७६-७७ साली, दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. गावोगावची माणसे पोरांना टाकून देशोधडीस लागली. जोतीराव व त्यांचे सत्यशोधक सहकारी यांनी धनकवडी येथे अनाथ मुलांसाठी छावणी चालविली. सुमारे दोन हजार मुलांच्या पोटापाण्याची तेथे तजवीज होत असे. मे १८७७ मध्ये जोतीरावांनी मदतीसाठी जाहीर विनंतीपत्रकही काढले. आणि याच दुष्काळात, १ जानेवारी १८७७ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दिल्लीस थाटाचा दरबार भरविला होता.

हा संदर्भ ध्यानात ठेवला म्हणजे पुढील प्रसंगाचे मर्म कळते. हेच लॉर्ड लिटन पुण्यास येणार असे ठरले. म्युनिसिपालिटीपुढे प्रस्ताव आला की त्यांच्या स्वागताप्रीत्यर्थ शहर शृंगारावे व त्यासाठी एक हजार रुपये मंजूर करावेत. असे प्रस्ताव चर्चेसाठी आलेले नसतात, मान डोलावण्यासाठी आलेले असतात. जोतीरावांनी उठून विरोध केला. करदात्यांचे पैसे तोरणांत व दिव्यांत घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणास द्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. मते घेतली गेली तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधी मत एकट्या जोतीरावांचे पडले. ठराव अर्थातच मंजूर झाला व शहर शृंगारले गेले.

आम्ही थोडा हिशेब करून पाहिला. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात शिकलेल्या प्राथमिक शिक्षकास महिना किमान बारा रुपये मिळावेत असे जोतीरावांनी सुचविले होते. त्या दराने वर्षाचे १४४ रुपये होतात. म्हणजे एका पाहुण्याच्या स्वागतात एका शिक्षकाचा जवळजवळ सात वर्षांचा पगार उडाला. हजार रुपये ही रक्कम आज क्षुल्लक वाटते, परंतु सात वर्षांची शाळा म्हटली की तिचे वजन कळते. जोतीराव खर्चाकडे या मापाने पाहत असले पाहिजेत, असे त्यांच्या एकूण लिखाणावरून आम्हांस वाटते.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. सरकारने नेमलेल्या सभासदाने सरकारच्या प्रतिनिधीच्या स्वागतास विरोध केला, तर तो इंग्रजद्वेष्टा होता काय? तसे मुळीच नव्हते. इंग्रजी राज्यामुळे शूद्रातिशूद्रांस विद्येचे दार किलकिले झाले असे ते मानीत, आणि त्यांच्यावर याबद्दल टीकाही पुष्कळ झाली. १८८८ च्या मार्च महिन्यात त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांना मेजवानी दिली तेव्हा जोतीराव शेतकऱ्याच्या साध्या वेषात तेथे गेले, आणि जरतारी कपड्यांतील ही मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरा देश खेड्यांत उघडा बसला आहे, अशा आशयाचे भाषण त्यांनी पाहुण्यांसमोर केले. राज्यकर्त्यांशी त्यांचे वैर नव्हते. कोणी कोणाच्या पैशाने कोणाचा सत्कार करावा, एवढाच प्रश्न ते विचारीत.

१८८० च्या जुलैत त्यांनी दारूच्या दुकानांचा प्रश्न हाती घेतला. शहरात अशी दुकाने वाढत चालली होती, व प्रत्येक नवीन परवान्याबरोबर सरकारी अबकारी उत्पन्नात भर पडत होती. जोतीरावांनी म्युनिसिपालिटीच्या व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख प्लंकेट यांस पत्र लिहून विरोध नोंदविला. म्युनिसिपालिटी एका हाताने लोकांच्या आरोग्यासाठी पैसे खर्च करते, आणि तिच्याच हद्दीत आरोग्य व संसार दोन्ही बुडविणारी दुकाने गल्लोगल्ली निघतात, ही विसंगती त्यांनी दाखविली. गटार बांधणे, झाडलोट करणे व देवी टोचणे ही आरोग्याची कामे, आणि कामगारांच्या वस्तीत दारूचे दुकान कोठे उघडावे हा मात्र आरोग्याबाहेरचा विषय, अशी वाटणी त्यांना मान्य नव्हती. कोणत्या रस्त्यावर काय असावे हे ठरविणे म्हणजेच नगररचना, हे आज आपण शिकतो. दारूचे दुकान शाळेपासून व देवळापासून किती अंतरावर असावे याविषयीचे नियम पुढे झाले. त्यांचे मूळ शोधू गेल्यास असल्या पत्रांपाशी यावे लागेल.

हंटर कमिशनचा उल्लेख वर आला आहे. ऑक्टोबर १८८२ मध्ये सादर केलेल्या त्या निवेदनाखाली जोतीरावांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज, अशी दिली. समाजाचे संस्थापक, ग्रंथकार किंवा शाळांचे जनक असे त्यांनी लिहिले नाही. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, अभ्यासक्रमात शेतीची मूलतत्त्वे व आरोग्याचे पाठ असावेत, ही त्यांची मागणी बहुतेकांस ठाऊक आहे. पण त्यांनी म्युनिसिपालिट्यांविषयी जे सुचविले ते आम्हांस अधिक विचार करावयास लावते. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा सगळा खर्च म्युनिसिपालिटीने सोसावा, मात्र त्या शाळांची व्यवस्था सर्वस्वी तिच्या हाती कदापि देऊ नये, ती शिक्षणखात्याच्या देखरेखीखाली असावी, असे त्यांचे म्हणणे होते.

स्वतः सहा वर्षे त्या सभेत बसलेला मनुष्य, पैसा द्या पण किल्ल्या देऊ नका, असे सांगतो याचा अर्थ काय? आमच्या मते याचा अर्थ असा की, सभेत बहुमत कोणाचे आहे व ते कोणाच्या मुलांस शाळेत येऊ देईल, हे त्यांनी जवळून पाहिले होते. स्थानिक स्वराज्य ही चांगली गोष्ट आहे, परंतु ज्या गावात पाणवठ्यावर सर्वांस जाता येत नाही तेथील स्वराज्य कोणाचे, ही त्यांची शंका होती. रिपनसाहेबांच्या ठरावाने सारे सुशिक्षित पुणे आनंदले होते त्याच वर्षी ती त्यांनी कागदावर मांडली. काहींस हा विचार अतिरेकी वाटेल. पुढील पन्नास वर्षांत किती नगरपालिकांच्या शाळांत अस्पृश्यांची मुले ओटीवर बसविली गेली हे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे त्यांना तो तसा वाटणार नाही.

आता मंडईकडे वळू. जोतीरावांच्या नगरकारभारातील हे प्रकरण सर्वांत रंजक आहे आणि सर्वांत वादाचेही.

शनिवारवाड्यासमोरील भाजीबाजार हलवून शहराच्या मध्यभागी पक्की इमारत बांधावी अशी योजना म्युनिसिपालिटीने केली. शुक्रवार पेठेतील खासगीवाल्यांची जागा त्यासाठी घेतली गेली. खर्चाचा आकडा तीन लाखांच्या आसपास गेला. गॉथिक धाटणीची दगडी इमारत, मध्यभागी अष्टकोनी मनोरा, आणि त्यापासून चहू बाजूंस फाकलेल्या पाखांत गाळ्यांच्या ओळी, असा तो आराखडा होता. १८८६ साली ती उघडली गेली, आणि त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून रे मार्केट या नावाने ओळखली जाऊ लागली. जोतीरावांचा या खर्चास विरोध होता. बहुजनांची मुले अक्षराविना वाढत असताना एवढा पैसा दगडांत घालू नये, तो शिक्षणास द्यावा, अशी त्यांची भूमिका होती. वर दिलेल्या हिशेबाने पाहिले तर तीन लाख म्हणजे दोनशे शिक्षकांचा दहा वर्षांचा पगार होतो.

चमत्कारिक वाटते ते असे की, या विरोधात त्यांचा स्वार्थ तर नव्हताच, उलट हानी होती. ते स्वतः बांधकामाचा माल पुरविणारे ठेकेदार. ते भाजीपाला पिकविणारे बागायतदार. त्यांची सारी ज्ञाती भाजी पिकविणारी व विकणारी. पक्क्या मंडईचा लाभ प्रथम आपल्याच लोकांस होणार होता. असे असता तिला त्यांनी विरोध करावा, ही गोष्ट आजच्या सभासदांनी, विशेषतः ज्यांची स्वतःची बांधकामाची कंपनी आहे अशा सभासदांनी, जरूर ध्यानात घ्यावी.

परंतु एवढ्यावरून जोतीरावांचेच सर्व बरोबर होते असे म्हणणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. उघड्या पटांगणात चिखलात भाजी मांडून बसणाऱ्या माळणींची पावसाळ्यात काय दशा होत असेल याची कल्पना आपल्या घरातील वृद्ध स्त्रियांस तरी सांगावी लागणार नाही. स्वच्छ ओटा, डोक्यावर छप्पर, माल ठेवण्यास जागा, ही गरिबांची सोय नव्हे असे कोण म्हणेल? शिवाय बाजाराच्या गाळ्यांचे भाडे म्युनिसिपालिटीस कायमचे मिळते. ती इमारत शतकाहून अधिक काळ टिकली, लाखो लोकांच्या घरी तिने भाजी पोहोचविली, आणि कित्येक कुटुंबांच्या तीन-चार पिढ्या तिच्या गाळ्यांवर जगल्या. मंडई बांधणे ही चूक होती असे आज तिच्यासमोर उभे राहून म्हणता येणार नाही.

मग जोतीरावांचा विरोध व्यर्थ होता काय? आम्हांस तसेही वाटत नाही. साधी पत्र्याची शेड, ओटे व फरसबंदी यावरही भाजीबाजार भरतो. मनोरा व कमानी भाजीसाठी नव्हत्या, त्या शहराच्या प्रतिष्ठेसाठी होत्या. सोय आणि शोभा या दोहोंचे बिल एकाच ठरावात घालावयाचे, आणि कोणी शोभेवर बोट ठेवले की तो सोयीच्या विरुद्ध आहे असे म्हणावयाचे, ही युक्ती त्या काळीही होती आणि नगरपालिकांच्या सभा पाहणाऱ्यांस ती आजही अपरिचित नाही. तीन लाखांतील किती रुपये भाजीवालीच्या ओट्यासाठी होते व किती मनोऱ्यासाठी, हा प्रश्न सभेत विचारणारा एक तरी माणूस शहरास लागतो. पुण्यास तो मिळाला होता. बहुमत मिळाले नाही इतकेच.

पुढील वर्षे कष्टाची गेली. ११ मे १८८८ रोजी मुंबईस मांडवी येथील कोळीवाड्यात जाहीर सभा होऊन त्यांस महात्मा ही पदवी देण्यात आली. त्याच वर्षी पक्षाघाताचा झटका येऊन उजवा हात निकामी झाला. तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म हे पुस्तक पुरे केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. ठेकेदारीत व शेतीत मिळविलेला पैसा कधीच लोककार्यात संपला होता व अखेरच्या दिवसांत घरात चणचण होती.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले. आपला देह दहन न करता घरामागील जागेत मिठात पुरावा अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेविली होती, आणि त्यासाठी खड्डाही खणून तयार होता. पण वस्तीच्या जागी प्रेत पुरण्यास म्युनिसिपालिटीची परवानगी लागते, आणि ती मिळाली नाही. ज्या संस्थेच्या आरोग्यविषयक कामांचा कैवार त्यांनी घेतला होता तिच्याच नियमापुढे त्यांची अखेरची इच्छा अपुरी राहिली. नियम म्हणून तो बरोबरच होता. आम्हांस खात्री वाटते की दुसऱ्या कोणा धनवंताच्या बाबतीत तो शिथिल करण्याचा प्रस्ताव आला असता तर त्यास विरोध करणारे पहिले मत जोतीरावांचेच पडले असते. शेवटी दहन करावे लागले. दत्तक पुत्र यशवंत बरोबर होते, आणि टिटवे धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. नंतर अस्थी आणून त्या खणलेल्या जागी ठेवल्या गेल्या. त्या घराच्या अंगणातील तुळशीवृंदावन आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्या पेठेला आज महात्मा फुले पेठ म्हणतात.

म्युनिसिपालिटीशी त्यांचा संबंध येथे संपत नाही. १९२५ साली केशवराव जेधे यांनी जोतीरावांचा पुतळा शहरात उभारण्याची सूचना पुणे म्युनिसिपालिटीत मांडली. तीवरून शहरात मोठे वादळ उठले आणि सूचना बहुमताने फेटाळली गेली. जोतीरावांस सभागृहातील बहुमत जिवंतपणी लाभले नव्हते, मरणानंतर पस्तीस वर्षांनीही लाभले नाही. त्यानंतर सुमारे बारा-तेरा वर्षांनी, आचार्य अत्रे म्युनिसिपालिटीच्या कारभारात असताना, त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई असे ठेवण्यात आले. गव्हर्नरसाहेबांचे नाव गेले आणि ज्या नगरसभासदाने त्या इमारतीच्या खर्चास विरोध केला होता त्याचे नाव तिच्यावर लागले. ठराव करणाऱ्यांस हा इतिहास ठाऊक नव्हता असे मानण्याचे कारण नाही. भाजी पिकविणाऱ्या व विकणाऱ्या माणसांच्या जागेला त्यांच्या कैवाऱ्याचे नाव असावे, एवढा विचार त्यांस पुरेसा वाटला असावा.

पुढे घाऊक बाजार गुलटेकडीस गेला. २०२४ साली भुयारी मेट्रो सुरू झाली तेव्हा जवळच्या स्थानकाला मंडई हे नाव मिळाले. किरकोळ भाजीचे गाळे मात्र अद्याप त्या मनोऱ्याखालीच आहेत, आणि मांजरी-हडपसरच्या बाजूने आलेली मेथी-कोथिंबीर तेथे आजही मांडली जाते.